हुआंग रोंगच्या शोधात

1 जानेवारी 1957 रोजी 'हाँगकाँग कमर्शियल डेली'मध्ये एक कादंबरी क्रमशः सुरू झाली आणि मे 1959पर्यंत ती तुकड्यातुकड्यांनी छापून येत राहिली. लेखक जिन योंग, पेशाने पत्रकार. 'द लेजंड ऑफ द कॉन्डोर हीरोज' या इंग्रजी नावाने ती जगभर ओळखली जाते. काळ तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. चीनच्या उत्तरेत जुर्चेनांचं राज्य, दक्षिणेत दमलेलं सोंग घराणं, मंगोल कुरणांवर चंगीझखान. या धामधुमीत वाढणारा ग्वो जिंग मनाने सरळ आणि डोक्याने मंद आहे. त्याच्या वाटचाही विचार करते ती हुआंग रोंग. वाचकाने उद्याही पेपर विकत घ्यावा अशा जागी आजचा मजकूर तोडायचा, हे अशा लेखनाचं गणित. टीव्ही मालिकेला ते आयतंच मिळालं.

पहिली मालिका 1976ची, हाँगकाँगच्या कमर्शियल टेलिव्हिजनची. मिशेल यिम त्यात हुआंग रोंग झाली. मालिका एवढी चालली की बलाढ्य टीव्हीबी वाहिनीलाही त्याच वर्षी जिन योंगच्याच दुसऱ्या एका कादंबरीला हात घालावा लागला. कमर्शियल टेलिव्हिजनला मात्र या यशाने तारलं नाही. 1978च्या ऑगस्टमध्ये त्या वाहिनीला टाळं लागलं.

मग आलं 1983. टीव्हीबीने 59 भागांची मालिका तीन खंडांत काढली, प्रत्येक खंडाला वेगळं शीर्षकगीत. संगीत जोसेफ कू यांचं, आवाज रोमन टॅम आणि जेनी त्सेंग यांचे. फीलिक्स वाँग ग्वो जिंग, मायकल म्यू कथेतला दुसरा तरुण यांग कांग आणि 1982च्या मिस हाँगकाँग स्पर्धेतून पुढे आलेली बार्बरा युंग हुआंग रोंग. आज ही मालिका पाहिली तर पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते तिचं गरीबपण. मंगोल माळरान बरंचसं स्टुडिओतच उभं केलेलं, कड्याकपारी उघड उघड नकली, हाणामारीत कॅमेऱ्याच्या युक्त्या लपत नाहीत. (या गर्दीत बारीकसारीक भूमिका करणारा एक पोरगेला नट होता, स्टीफन चाऊ, पुढे हाँगकाँगच्या विनोदी सिनेमाचा तो राजा झाला.) पण बार्बरा युंग तोंड उघडते आणि नेपथ्याकडे लक्ष जाईनासं होतं. लाडीगोडी, फसवणूक, रुसवा, सगळं एकाच संवादात. खवय्या कुंगफू-गुरू होंग छीकोंगला चमचमीत पदार्थ खिलवून ती आपल्या भाबड्या मित्रासाठी त्याच्याकडून विद्या काढून घेते, तेव्हा कादंबरीतली सर्वांत चतुर मुलगी समोर उभी असते. 14 मे 1985 रोजी बार्बरा गेली, वय अवघं 26. त्यानंतर या भूमिकेत येणारी प्रत्येक मुलगी तिच्याशी तोलली गेली, आणि हा तराजू कधीच न्याय्य नव्हता.

हाँगकाँगबाहेर या कथेची वाट राजकारणातून गेली. तैवानमध्ये जिन योंगच्या पुस्तकांवर 1979पर्यंत बंदी होती. या कादंबरीच्या नावातले शब्द माओच्या एका गाजलेल्या कवितेतही असल्याने ती पुढे तिथे नाव बदलून निघाली. चीनच्या मुख्य भूमीवरही ही पुस्तकं उघडपणे मिळत नसत. जुलै 1981मध्ये डेंग श्यावपिंग जिन योंगना भेटले आणि हवा बदलल्याचं सर्वांना कळलं. टीव्हीबीची मालिका ऐंशीच्या दशकात मँडरिनमध्ये डब होऊन तिथल्या घरांत पोचली.

तैवानने 1988मध्ये स्वतःची मालिका काढली, तीही आयडी चॅन ही हाँगकाँगचीच नायिका आणून. टीव्हीबीने 1994मध्ये अथीना चू आणि ज्युलियन चंग यांना घेऊन 35 भागांत गोष्ट आटोपली.

मुख्य भूमीचा मोठा डाव 2003चा, 42 भागांचा. निर्माते झांग जीझोंग यांनी खरी कुरणं, खरा समुद्र दाखवला; झोउशानच्या ताओहुआ बेटावर या मालिकेसाठी उभारलेला सेट पर्यटनस्थळ झाला. दृश्यं डोळ्यांचं पारणं फेडणारी, तरी वाद पेटला तो हुआंग रोंग झालेल्या झोउ शुनच्या घोगऱ्या आवाजावरून. खरं तर ती त्या मालिकेतली सर्वांत जाणती नटी होती. ली यापंगचा ग्वो जिंग मात्र मंद कमी आणि गोंधळलेला जास्त वाटतो.

2008मध्ये हू ग आणि एरियल लिन आले. 2017मध्ये यांग शूवेन आणि ली यीतोंग हे फारसे ठाऊक नसलेले चेहरे 52 भागांत दिसले, आणि प्रेक्षक पुष्कळ वर्षांनी जरा मवाळ झाले. नावाजलेला तारा नसला की पात्राला श्वास घ्यायला जागा मिळते, हे या मालिकेने दाखवलं. पुढच्याच वर्षी, 30 ऑक्टोबर 2018 रोजी जिन योंग वारले.

मूळ पुस्तकाशी इमान राखायचं तरी कोणत्या? खुद्द लेखकाने सत्तरच्या दशकात ते बदललं, साप धरणारी एक मुलगी कथेतून पुसूनच टाकली. नव्या शतकात पुन्हा हात फिरवला, तेव्हा हुआंग रोंगच्या बापाच्या मनात शिष्या मेइ चाओफंगविषयी हळवा कोपरा निघाला. मालिकावाल्यांवर रागावणाऱ्या वाचकांना हा फेरफारही सहज पचला नाही.

2024मध्ये टेन्सेंटने गोष्टीचे पाच तुकडे करून आधीच्या पिढीतल्या पात्रांनाही स्वतंत्र कथा दिल्या. कल्पना ताजी होती. पण पाचांपैकी तीन तुकड्यांची नावं 1983च्या तीन खंडांचीच होती.