दुकान त्यांचे, दवंडीही त्यांचीच

घनसावंगीच्या बसस्थानकावर मोबाईलवर पोलीस भरतीची बातमी वाचणारे पोर पाहा. बातमीआधी कर्जाची जाहिरात उघडते. नेटपॅकचे पैसे मात्र मोसंबीच्या बागेत राबणाऱ्या बापाचे!

जाहिराती अडवणारी सॉफ्टवेअरे आहेत. पण मार्च 2013 मध्ये गुगलने अ‍ॅडब्लॉक प्लससह अशी अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढली. कारण काय, तर इतरांच्या सेवेत हस्तक्षेप होतो! खुद्द गुगलची बहुतेक कमाई जाहिरातींची, हे ध्यानात घ्या. फेब्रुवारी 2016 मध्ये अ‍ॅडब्लॉक फास्ट काढले, ओरड होताच परत घेतले. अ‍ॅपलने 2015 मध्ये सफारीपुरती मुभा दिली. आज अँड्रॉइडवरही ब्राउझरच्या आत अडवा म्हणतात, दुसऱ्या अ‍ॅपमधल्या जाहिरातीला हात लावायचा नाही.

वृत्तपत्रेही जाहिरातींवर चालतात, हे कबूल. पण वाचकाने पान उलटले तर आम्ही त्याचा हात धरत नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या मक्तेदारीबद्दल गुगलला 1,337.76 कोटींचा दंड केला. 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. त्या पोराच्या मोबाईलवर कर्जाची जाहिरात अजून उघडतेच आहे.