समासातला मूकाभिनय

विनोदी चित्रकथा काढणारा कलावंत बहुतेकदा त्याच्या पात्रांवरून ओळखला जातो. सेर्हिओ आरागोनेस यांची ओळख मात्र प्रथम एका जागेवरून झाली, आणि ती जागा म्हणजे ‘मॅड’ या अमेरिकी विनोदी नियतकालिकाच्या पानाचा समास, म्हणजेच छापील मजकुराच्या कडेला मोकळी सुटलेली पट्टी. या पट्टीत पूर्वी बारीक टाइपातले शाब्दिक विनोद छापले जात. त्यांच्या जागी अंगठ्याएवढी निःशब्द चित्रे द्यावीत, ही कल्पना आरागोनेस यांनी १९६३च्या सुमारास मांडली. इतकी चित्रे हा तरुण फार दिवस पुरवू शकणार नाही, असे संपादकांना वाटले होते. प्रत्यक्षात ही चित्रे दशकानुदशके अंकामागून अंकात येत राहिली, आणि जो एक अंक त्यांच्याविना निघाला, त्याची चित्रे टपालात गहाळ झाली होती.

आरागोनेस यांचा जन्म १९३७ साली स्पेनमध्ये, यादवी युद्ध चालू असताना झाला. कुटुंब निर्वासित होऊन फ्रान्समध्ये आणि तेथून मेक्सिकोत गेले, आणि १९६२ साली ते स्वतः न्यूयॉर्कला आले, तेव्हा त्यांचे इंग्रजी अगदी तुटपुंजे होते. ‘मॅड’च्या कचेरीत दुभाषा म्हणून त्यांनी क्यूबाहून आलेले व्यंगचित्रकार आंतोनियो प्रोहियास यांच्यावर भिस्त ठेवली, पण प्रोहियास यांना त्यांच्याहूनही कमी इंग्रजी येत होते. वारंवार देश आणि भाषा बदलाव्या लागलेल्या माणसाने शब्दांवाचून बोलण्याचा मार्ग धरला, असे म्हणणे सोपे आहे. परंतु तेवढ्याने त्यांच्या चित्रांतले कसब उलगडत नाही.

ते कसब उलगडते मेक्सिकोतल्या त्यांच्या शिक्षणातून. वास्तुशास्त्राचा अभ्यास करत असतानाच त्यांनी पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या आलेहान्द्रो खोदोरोव्स्की यांच्याकडे मूकाभिनयाचे, म्हणजे संवादांवाचून केवळ देहाने कथा सांगण्याच्या नाट्यप्रकाराचे, धडे घेतले. रंगमंचावर नसलेले जड कपाट ढकलणारा नट आधी मागचा पाय रोवतो, खांदा पुढे काढतो, मान आत घेतो, आणि मगच प्रेक्षकाला ते कपाट दिसू लागते. समासातल्या चित्रात चेहऱ्याला जागा असते ती दोन ठिपक्यांपुरती आणि एका नाकापुरती, म्हणून तिथेही सारा भार पाठीच्या बाकावर, गुडघ्यांवर आणि पावलांच्या दिशेवर पडतो. एखादी रेघ चुकली, तर घाबरलेला माणूस नुसता वाकलेला दिसेल आणि विनोद तिथेच संपेल. ‘मॅड’मधल्या त्यांच्या एका सदरात तर माणसाची सावलीच अभिनय करते: माणूस शिष्टाचाराने वागत असतो आणि भिंतीवर त्याची सावली त्याच्या मनातले खरे ते करत असते.

मराठी वाचकाला ही निःशब्दता परकी नाही. चित्रकार शि. द. फडणीस यांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ या मासिकांच्या मुखपृष्ठांवर शब्दांवाचून हसवणारी चित्रे काढली. अशा चित्रांना व्यंगचित्र न म्हणता हास्यचित्र म्हणणे अधिक नेमके आहे, कारण त्यांचा रोख कोणाचे व्यंग दाखवण्याकडे नसून साध्या प्रसंगातली गंमत टिपण्याकडे असतो. दोघांच्या रेषा निराळ्या, पण पाहणाऱ्याच्या बुद्धीवरचा विश्वास एकच.

आरागोनेस यांची दीर्घ चित्रकथा ‘ग्रू’ १९८२ साली सुरू झाली. ग्रू हा तलवारबाजीत अजिंक्य आणि बुद्धीने अगदी मंद असा भटका योद्धा आहे. तो ज्या गलबतावर चढतो ते बहुधा बुडते, आणि त्याचा कुत्रा रफर्टो मात्र त्याला थोर वीर मानतो. शब्दांचे काम मार्क एव्हानियर यांनी सांभाळले. ही कथा इतक्या उशिरा येण्याचे कारण मालकीत होते. त्या काळी अमेरिकी प्रकाशक चित्रकाराला मोबदला देत आणि पात्रांचे सर्व हक्क स्वतःकडे ठेवत. आरागोनेस यांनी ती अट मान्य केली नाही आणि निर्मात्याकडे हक्क राहू देणारा प्रकाशक मिळेपर्यंत ग्रूला थांबवून ठेवले. पुढे प्रकाशनसंस्था अनेकदा बदलल्या, परंतु हक्क त्यांच्याकडेच असल्यामुळे ग्रू प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबरच नव्या घरी गेला. चित्रकाराच्या कारकिर्दीत रेषेइतकेच महत्त्व या निर्णयाला द्यायला हवे.

ग्रूच्या अंकांत अनेकदा दोन पाने व्यापणारे एकच चित्र असते. वरवर पाहता ती एक लढाई किंवा एक बाजार असतो. पण डोळे पानाजवळ नेले की गर्दीतला प्रत्येक माणूस स्वतःच्या कामात गुंतलेला सापडतो, आणि या गर्दीत कोणीही केवळ जागा भरण्यासाठी उभा नसतो. समासात एकेकटी वावरणारी ती अंगठ्याएवढी माणसेच इथे शेकड्याने एकत्र आलेली असतात.