आकृतीत न दिसणारे घटक : रेडिओ कंप्रतेवरील मंडलरचनेसंबंधी काही विचार

विद्युत् मंडलाच्या आकृतीत दोन घटकांना जोडणारी रेषा ही केवळ जोडणीची खूण असते. तिला लांबी नाही, रोध नाही व प्रवर्तकताही नाही. कमी कंप्रतेवर हा संकेत निर्धोक ठरतो. कंप्रता काही मेगॅहर्ट्झच्या पुढे गेली म्हणजे मात्र आकृतीत न काढलेले घटक मंडलाचे वर्तन ठरवू लागतात. गणित अचूक असूनही विवर्धक अपेक्षेप्रमाणे चालत नाही, किंवा आपोआप दोलन करू लागतो, याचे कारण पुष्कळदा येथेच सापडते.

प्रथम साध्या तारेचा विचार करू. एक सेंटिमीटर लांबीच्या बारीक तारेची प्रवर्तकता स्थूलमानाने १० नॅनोहेन्री धरता येते. ५० हर्ट्झला तिचा विरोध एक ओहमच्या सुमारे तीन दशलक्षांश, म्हणजे नगण्य असतो. १०० मेगॅहर्ट्झला तोच ६.३ ओहम होतो. आता ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र घेऊ. त्याच्या दोन्ही तारा मिळून एक सेंटिमीटर भरतात असे मानले, तर ही प्रवर्तकता व धारणा यांचे अनुस्पंदन सुमारे ५ मेगॅहर्ट्झला होते. त्यापलीकडे ते धारित्र प्रवर्तकासारखे वागते. १०० मेगॅहर्ट्झला सूत्राप्रमाणे त्याचा विरोध ०.०१६ ओहम असावयास हवा. प्रत्यक्षात तो त्याच्या जवळजवळ चारशेपट असतो. म्हणून पुरवठ्याची तार भूमीशी जोडताना मोठ्या धारित्रापेक्षा आखूड तारा अधिक उपयोगी पडतात.

दुसरा अदृश्य घटक म्हणजे आदान व प्रदान यांमधील धारणा. १९२० साली जॉन मिलर यांनी त्रिप्रस्थ नलिकेच्या संदर्भात तिचा परिणाम स्पष्ट केला. ट्रँझिस्टरलाही तो तसाच लागू पडतो. विवर्धकाचे वर्धन १०० असून प्रदानाची कला उलट आहे असे समजू. आदानाचा दाब एक एककाने वाढला की प्रदानाचा १०० एककांनी घटतो. म्हणजे मधल्या धारित्रावरील दाब १०१ एककांनी बदलतो व तेवढ्याच पट विद्युत् भार आदानाला पुरवावा लागतो. त्यामुळे २ पिकोफॅरडची धारणा आदानापाशी २०२ पिकोफॅरड भासते. उद्गमाचा रोध १,००० ओहम असल्यास तीव्रता ०.८ मेगॅहर्ट्झपासूनच घसरू लागते. गुणाकार झाला नसता तर ही मर्यादा ८० मेगॅहर्ट्झच्या आसपास गेली असती. यावरील उपाय कारणातूनच सुचतो. पहिल्या ट्रँझिस्टरचे वर्धन सुमारे एक ठेवून उरलेले काम, ज्याचा आधार-प्रस्थ भूमीशी जोडला आहे अशा दुसऱ्या ट्रँझिस्टरवर सोपविले, म्हणजे ती धारणा ४ पिकोफॅरडच्या आसपास राहते. ‘कॅसकोड’ रचनेचे मर्म हेच.

तिसरा घटक मापन करणारा स्वतः आणतो. दोलनदर्शकाच्या दहापट क्षीणन करणाऱ्या सामान्य प्रोबवर १० मेगओहम असे लिहिलेले असते. पण त्याला सुमारे १० पिकोफॅरड धारणाही असते, व १०० मेगॅहर्ट्झला तिचा विरोध केवळ १६० ओहम भरतो. अशा प्रोबने उच्च संरोधाच्या बिंदूवर पाहिलेला तरंग हा मूळ मंडलाचा नसून प्रोबसह बदललेल्या मंडलाचा असतो.

संगणकावर मंडलाची प्रतिकृती चालविणे आज सुलभ झाले आहे. तथापि जे घटक आपण तिच्यात घातले नाहीत, त्यांचा परिणाम ती दाखवीत नाही. यासाठी अभ्यासाचा क्रम असा असावा : रचनेपूर्वी प्रत्येक तारेची प्रवर्तकता व प्रत्येक संधीची धारणा अंदाजाने मांडावी, नंतर जुळणी करावी, आणि मापन करताना प्रोबचा भार हिशेबात धरावा. अंदाज व मापन यांत तफावत पडली, तर ती दुर्लक्षिण्याजोगी चूक न मानता एखाद्या वगळलेल्या घटकाची खूण मानावी. सूत्रांच्या ज्ञानाला व्यवहाराची जोड मिळते ती याच शोधातून.