सुटीतला दम

दिवाळीच्या फराळापुढे मे महिन्याच्या घामाची गोष्ट काढणे जरा विक्षिप्तच! पण शाळेच्या शर्यतीत पहिली येणारी मुलगी परीक्षा संपताच आजोळी जाते, तिचे बूट माळ्यावर जातात, आणि जूनमध्ये ती पूर्वीच्याच जोमाने धावून पहिल्या आठवड्यात नडगी दुखवून घेते, हे पुष्कळ घरांतून घडते.

धावण्याचा दम मोठा चंचल. २-३ आठवडे खंड पडला की तो ओसरू लागतो. स्नायूंची ताकद त्या मानाने अधिक टिकते. म्हणून सुटीत रोज मैदान गाठायला नको. आठवड्यातून ३ दिवस, सकाळी ७ च्या आत, नेहमीच्या निम्मे अंतर पुरे. वेग मात्र ढिला पडू देऊ नये.

आजोळ कुठले, हेही पाहावे. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम चटकन सुकतो. अंगातले पाणी गेलेले कळतही नाही. रत्नागिरीच्या दमट हवेत तो सुकतच नाही, म्हणून अंग निवत नाही. नव्या हवेची सवय व्हायला १०-१४ दिवस लागतात; तोवर बेताने. चक्कर आली तर धावणे थांबवून सावलीत निजवावे. मूल असंबद्ध बोलू लागले, तर ताबडतोब अंगावर गार पाणी ओतावे आणि तडक दवाखाना गाठावा.

वडीलमंडळींनी मात्र घड्याळ घेऊन मागे लागू नये. मामेभावंडांची शर्यत लावून द्यावी. जाणते कुणी काठावर असेल, तर विहिरीत पोहू द्यावे. आठवड्यातला एक दिवस निव्वळ आमरसाचा आणि झोपेचा!