धीर धरणे आणि धीर देणे

आपल्या भाषेत धीर हा शब्द ज्या क्रियापदांच्या सोबतीने वावरतो, ती एकदा सावकाश न्याहाळून पाहण्यासारखी आहेत. धीर धरावा लागतो. तो सुटतो, खचतो, एकवटावा लागतो. आणि, हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, तो दुसऱ्याला देता येतो. ज्या वस्तूची अशी देवघेव होऊ शकते, ती केवळ एकट्याच्या मनाच्या कोठीत कुलूपबंद राहणारी नसावी, हे भाषेने केव्हाच ओळखले आहे. परंतु आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून धीरावर जी प्रवचने होतात, त्यांत बहुधा धरण्याचाच उपदेश असतो. आजारी माणसाने धरावा, बेकार तरुणाने धरावा, गांजलेल्या सुनेने धरावा. देण्याचे कर्तव्य मात्र कोणाच्या माथी मारलेले आढळत नाही. पवित्र शास्त्रात धीर आणि विश्वास ह्यांचा जो विचार आहे, तो ह्या एकांगी उपदेशाशी कितपत जुळतो, ह्याचा आढावा घ्यावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

आरंभ शब्दांपासूनच करू. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत धीरासाठी मुख्यतः दोन शब्द येतात. एक ‘हुपोमोने’, म्हणजे भाराखाली टिकून राहणे. हा परिस्थितीशी संबंध असलेला धीर. दुसरा ‘माक्रोथुमिया’, म्हणजे आपला क्षोभ लांबणीवर टाकणे. हा माणसांशी वागतानाचा धीर. ह्या दुसऱ्या शब्दामागे जुन्या कराराचा एक हिब्रू वाक्प्रचार उभा आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ मराठी माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. हिब्रूत नाक आणि राग ह्या दोहोंना एकच शब्द असल्यामुळे, देव मंदक्रोध आहे असे म्हणताना ते शास्त्र अक्षरशः देव लांब नाकाचा आहे असे म्हणते. ज्यांच्या बोलण्यात राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, त्या आपल्या लोकांना ही प्रतिमा परकी वाटू नये. नाक लांब, म्हणून राग शेंड्यावर येऊन पोहोचण्यास वेळ लागतो.

धीराचा विषय निघाला की ईयोबाचे नाव निघतेच. त्याची गुरेढोरे गेली, मुलेबाळे गेली, अंगभर गळवे उठली, आणि तरी त्याने ब्र काढला नाही, अशी त्याची मूर्ती लोकमनात ठसलेली आहे. परंतु ही मूर्ती बेचाळीस अध्यायांच्या ग्रंथातील पहिल्या दोनच अध्यायांवरून घडवलेली आहे. तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि तेथून पुढे देवाच्या दरबारात तो जी कैफियत मांडतो तिची धार आजही वाचणाऱ्याला कापते. आपल्यात आणि देवात निवाडा करणारा कोणी मध्यस्थ असता तर बरे झाले असते, असे तो म्हणतो. आपले म्हणणे कोणी लिहून ठेवावे, खडकात कोरून ठेवावे, अशी मागणी करतो. त्याचे तीन मित्र मात्र मोठे शास्त्रशुद्ध बोलतात. दुःख हे पापाचे फळ होय, तेव्हा मुकाट्याने पश्चात्ताप करावा, हा त्यांच्या सर्व भाषणांचा इत्यर्थ. ग्रंथाच्या अखेरीस देव निकाल देतो तो ह्या मित्रांच्या विरुद्ध आणि ईयोबाच्या बाजूने! माझ्या सेवकाने माझ्याविषयी जसे योग्य बोलणे केले तसे तुम्ही केले नाही, असा त्याचा आशय आहे. ज्याने फिर्याद केली तो प्रामाणिक ठरला, आणि ज्यांनी देवाची वकिली केली ते अपराधी ठरले. ह्याच ईयोबाच्या धीराचा दाखला पुढे याकोब आपल्या पत्रात देतो आणि तेथे तो ‘हुपोमोने’ हाच शब्द योजतो; म्हणजे टिकून राहणे आणि तक्रार करणे ह्या दोन गोष्टी शास्त्रकर्त्यांना परस्परविरोधी वाटत नव्हत्या, हे उघड आहे.

त्या मित्रांच्या बाबतीत एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. भेटीस आले तेव्हा ते सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर बसून होते आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या हातून घडलेली हीच खरी सेवा. पुढे तोंड उघडले आणि सारे बिघडले. ज्या घरातले मूल गेले त्या घरी उंबरठा ओलांडता ओलांडताच ‘देवाची इच्छा’ म्हणणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यांचा भाव वाईट नसतो, परंतु त्या घरातल्या आईला त्या वेळी सिद्धांत नको असतो. जमिनीवर जवळ बसणारे कोणी हवे असते. स्तोत्रसंहितेत विलापाची कितीतरी स्तोत्रे आहेत. तेरावे स्तोत्र आरंभीच चार वेळा देवाला ‘कोठवर’ म्हणून विचारते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही. अशी स्तोत्रे उपासनेच्या ग्रंथात जतन करून ठेवणाऱ्या परंपरेला दुःखिताचे तोंड बंद करणे मान्य नव्हते. आमच्या उपासनेत मात्र ती क्वचितच वाचली जातात, ह्याची मला खंत वाटते.

आता विश्वासाकडे वळू. हिब्रूत विश्वासासाठी, निष्ठेसाठी जो ‘एमुना’ हा शब्द आहे, तो नामरूपाने प्रथम येतो तो कोणत्याही तत्त्वचर्चेत नव्हे, तर निर्गमाच्या सतराव्या अध्यायातील एका लढाईच्या वर्णनात. अमालेकी लोकांशी लढाई चालली आहे; टेकडीवर मोशे हात उंचावून उभा आहे; हात वर असतील तोवर इस्राएलाची सरशी होते, खाली आले की पीछेहाट होते. मोशे म्हातारा, हात भरून आलेले. तेव्हा अहरोन आणि हूर त्याला बसण्यासाठी एक धोंडा आणतात, आणि एक ह्या बाजूने व दुसरा त्या बाजूने असे त्याचे हात धरून ठेवतात. आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात ‘एमुना’ होते, असे मूळ लेख सांगतो. म्हणजे स्थिर होते. ह्या एका शब्दाने माझ्या आजवरच्या पुष्कळशा समजुती हलवल्या आहेत. मोशेसारख्या पुरुषाचे हातही स्वतःच्या बळावर स्थिर राहिले नाहीत, आणि ते दुसऱ्यांनी धरले म्हणून शास्त्राने त्यांची स्थिरता कमी प्रतीची मानली नाही. उलट ज्या शब्दाने पुढे हबक्कूक संदेष्ट्याने नीतिमानाच्या निष्ठेचे वर्णन केले, तोच शब्द येथे योजला. बसायला धोंडा आणून देणे ही गोष्ट क्षुल्लक दिसते, परंतु दीर्घ आजाराच्या घरी डबा पोहोचवणारा, दवाखान्यात रात्र जागून काढणारा, परगावी शिकणाऱ्या पोराची फी गुपचूप भरणारा, हे सारे धोंडा आणणाऱ्यांच्याच वंशातले आहेत.

विश्वास म्हणजे काय, ह्याचे सर्वांत रोखठोक उत्तर मला यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात सापडते, आणि ज्याने आयुष्यात एकदा तरी जमिनीचा दस्त केला असेल त्याला ते विशेष उमजेल. ख्रिस्तपूर्व ५८७च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेमाला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे, शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत आला आहे, आणि त्या सांगण्यापायीच पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथ गावचे आपले शेत विकत घे म्हणतो. तो सारा मुलूख शत्रूच्या टाचेखाली. असे शेत घेणाऱ्याला कोणीही वेड्यात काढील. परंतु यिर्मया सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून देतो, खरेदीखत लिहवतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती बारूख लेखकाच्या हवाली करतो, आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या मडक्यात घालून ठेवण्यास सांगतो. ह्या देशात पुन्हा घरांची, शेतांची, द्राक्षमळ्यांची खरेदीविक्री होईल, ह्या वचनावर भरवसा ठेवून त्याने रोख रक्कम मोजली. आणि हे सर्व यथासांग उरकल्यावर मग तो प्रार्थनेत देवाला विचारतो की वेढ्याचे मोर्चे तर तटाला येऊन भिडले आहेत, आणि तू मला शेत घे म्हणतोस, हे कसे? शंका आहे, परंतु दस्त आधी झाला आहे. मनातला संशय पुरता फिटल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही असे म्हणणाऱ्याचे पाऊल सहसा पडतच नाही.

ह्या प्रसंगाची आठवण मला पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावाकडे नेते. पंडिता रमाबाईंनी तेथली कोरडी जमीन १८९६च्या दुष्काळापूर्वीच विकत घेतली आणि तिच्यात फळझाडे लावली. आईबाप उपासमारीने गेलेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेलेले, पदरी एक लहान मुलगी, आणि धर्मांतरामुळे स्वजनांचा रोष, अशा अवस्थेतून आलेल्या ह्या विदुषीने झाडे लावली. आणि मध्यप्रांतात अन्नान्नदशा झाली तेव्हा तिकडून आणलेल्या शेकडो मुलींना आसरा मिळाला तो ह्याच जमिनीवर. पुढे त्यांनी खेड्यातल्या अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा भाषेत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सुमारे अठरा वर्षे त्या कामास दिली, आणि छपाई केली ती त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनातल्याच स्त्रियांनी. १९२१त त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली; ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या; ग्रंथ संपूर्ण प्रसिद्ध झाला तो १९२४त. वाक्ये घासूनपुसून सोपी करीत बसण्याच्या त्या अठरा वर्षांत धीराचे जे दर्शन घडते, ते मला एखाद्या चमत्काराच्या वृत्तान्ताहून अधिक ओढून घेते.

याकोबाच्या पत्रातील शेतकऱ्याचा दृष्टान्त आमच्या नगरकडच्या मंडळ्यांत फार आवडीने सांगितला जातो आणि ते स्वाभाविक आहे. पॅलेस्टाईनात आगोटीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडून पेरणी होते आणि मार्च-एप्रिलातला वळीव दाणा भरवतो. ह्या दोन पावसांची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखा धीर धरा, असे याकोब सांगतो. ज्या मुलखात मृगाने बाजरी आणि हस्ताने शाळू पिकायचा, आणि हस्त कोरडा गेला तर वर्षभराची भाकरी धोक्यात, तेथे ह्या वाक्याला टीकाकाराची गरज लागत नाही. कापणीच्या सणाला उपासनामंदिरात आणलेली कणसे, भोपळे आणि कोंबड्या लिलावात निघतात, तेव्हा त्या बोलीत रुपयांबरोबर दोन पावसांची सारी काळजीही मोजली जात असते. आणि वाट पाहणारा शेतकरी काही हातावर हात ठेवून बसत नाही. मोघडा दुरुस्त करतो, बांध घालतो, बी निवडून ठेवतो.

परंतु ह्याच अध्यायाचा आरंभ आम्ही गाळतो, आणि येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. शेतकऱ्याचा दृष्टान्त सातव्या वचनात आहे. चौथ्या वचनात याकोब धनवानांना बजावतो की तुमच्या शेतांत कापणी करणाऱ्या मजुरांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली आहे, ती ओरडत आहे आणि त्या मजुरांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे. ज्यांना धीराचा उपदेश केला ते हे नाडलेले लोक होत; आणि तो करण्यापूर्वी याकोबाने नाडणाऱ्यांची कानउघाडणी केली आहे. हा क्रम ज्याला पाळायचा नाही त्याने सातवे वचन उच्चारू नये. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला क्रूस वाहण्याचा सल्ला देऊन परत पाठवणे, पगार थकलेल्या माणसाला विश्वासाची परीक्षा म्हणून समजावणे, हे मी ऐकले आहे आणि ऐकताना मला लाज वाटली आहे. लूकाच्या शुभवर्तमानात प्रभूने चिकाटीच्या प्रार्थनेचा नमुना म्हणून जी विधवा पुढे केली, ती अन्यायी न्यायाधीशाच्या दारात रोज जाऊन न्याय मागणारी होती. तिच्या धीरापायी त्या न्यायाधीशाची झोप उडाली.

माणसांविषयीचा धीर, तो लांब नाकाचा धीर, संसारात अधिक कठीण, आणि त्याचे एक उदाहरण मराठी वाचकांच्या घरचेच आहे. नारायण वामन टिळकांना १८९३त आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पंढरपुरास आप्तांच्या आश्रयाने त्यांनी काढलेले दिवस, पुढे नगरास येऊनही आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवून राहणे, हे सारे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्रात आहे. टिळक स्वभावाने उतावळे आणि तापट, हे त्यांच्या पत्नीनेच निःसंकोच लिहून ठेवले आहे. तरी ह्या एका बाबतीत त्यांनी तिच्यावर सक्ती केली नाही. तिचे मन तिच्या गतीने वळू दिले. पाच वर्षांनी, १९००त, तिने बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. ह्या काळात धीर एकट्या टिळकांनीच धरला असे म्हणणे अर्धवट ठरेल. ज्या बाईने लोकापवाद सोसून, आपली श्रद्धा न सोडता, धर्म बदललेल्या नवऱ्याशी नाते टिकवले, तिच्या धीराला तेव्हा ख्रिस्ती हे नाव नव्हते, पण त्याचे मोल त्यामुळे उणे होत नाही.

टिळकांनी १९०९त ‘ख्रिस्तायन’ रचायला घेतले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. जिला अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्यानेच करून दिली होती, त्या लक्ष्मीबाईंनी ते थांबलेले काव्य पुढे चालवायला घेतले, आणि चौसष्ट अध्यायांची भर घातली. १९३६त त्या गेल्या. ग्रंथ १९३८त छापून निघाला, तेव्हा तो पाहायला दोघांपैकी कोणीच नव्हते.