पाण्याचं बिल आणि सासऱ्यांचा प्रश्न

बॉस्टन परिसरात घर घेतलं की पाण्याचं पहिलं बिल बघून माणूस चक्रावतो. बिलात दोन रकमा असतात, एक पाण्याची आणि एक सांडपाण्याची. बहुतेक गावांत दुसरी रक्कम पहिलीपेक्षा मोठी! गेल्या उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे क्विन्सीला आले होते. बिल बघून म्हणाले, "जावईबापू, हे उलटंच दिसतंय. आणायला कमी आणि सांडायला जास्त?"

याचं उत्तर आमच्या समुद्रातच आहे. 1980च्या सुमारास बॉस्टनचा उपसागर म्हणजे उघडं गटार होतं. परिसराचं मैलापाणी दोन जुन्या केंद्रांत जायचं, एक डीअर आयलंडवर आणि दुसरं आमच्या क्विन्सीच्या नट आयलंडवर. तिथं जेमतेम गाळून ते समुद्रात सोडत. वर राहिलेला गाळही ओहोटीबरोबर त्याच समुद्रात! शहराचे वकील विल्यम गोल्डन वॉलस्टन बीचवर धावायला गेले आणि त्यांचा पाय घाणीत पडला. 1982 मध्ये क्विन्सीनं कोर्टात दावा लावला. त्यातून 'मॅसॅच्युसेट्स वॉटर रिसोर्सेस ऑथॉरिटी' ही संस्था जन्माला आली. कायदा 1984चा, काम सुरू 1985 मध्ये. पाण्याची ही घाऊक व्यापारी म्हणा ना. ती शहरांना पाणी विकते, त्यांचं सांडपाणी घेते. घरोघरचं बिल मात्र ज्या त्या गावाचं.

पुढे फेडरल कोर्टाचे न्यायाधीश डेव्हिड मझोन यांनी कामाच्या तारखा ठरवून दिल्या आणि वर्षानुवर्षं त्यावर नजर ठेवली. डीअर आयलंडवर नवं केंद्र उभं राहिलं. विमान लोगनला उतरताना खाली अंड्याच्या आकाराच्या 12 प्रचंड टाक्या दिसतात, त्या याच केंद्राच्या. त्यांत गाळ कुजवतात, निघालेल्या मिथेनवर केंद्राची उष्णता आणि थोडी वीज भागते, आणि उरलेल्या गाळाच्या गोळ्या करून खत म्हणून पाठवतात. शुद्ध केलेलं पाणी समुद्रतळाखालच्या सुमारे 15 किलोमीटरच्या बोगद्यातून खोल समुद्रात जातं. तो बोगदा सप्टेंबर 2000 मध्ये सुरू झाला. त्याआधी, 1999 मध्ये, शेवटच्या कामासाठी पाच पाणबुडे आत गेले होते. त्यातले दोघे परत आले नाहीत.

या सगळ्याला सुमारे 380 कोटी डॉलर लागले. वॉशिंग्टनहून आलं थोडं, बाकी नळधारकांच्या खिशातून. म्हणून ते बिल उलटं! मोठ्या पावसानंतर वॉलस्टनला अजूनही कधी कधी पोहायला मनाई होते, पण एरवी पोरं बिनधास्त डुंबतात.

"आणि पाणी येतं कुठून?" सासऱ्यांचा दुसरा प्रश्न. तो मात्र मी त्यांना दाखवायला नेलं.

बॉस्टनच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर क्वाबिन जलाशय आहे. आपल्या हिशेबात 55 टीएमसी, म्हणजे कोयनेच्या निम्म्याहून थोडा जास्त. तिथून पाणी बहुतांशी उतारानंच बॉस्टनकडे वाहतं. गाळणी नाही, ओझोन, अतिनील किरण आणि जंतुनाशक एवढ्यावर भागतं, कारण भोवतालचं जंगल कडक राखलंय. पोहायला बंदी, कुत्र्यालाही प्रवेश नाही.

या पाण्यासाठी डॅना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं 28 एप्रिल 1938 रोजी कायद्यानं पुसली गेली. सुमारे अडीच हजार माणसं उठली. साडेसात हजारांच्या आसपास थडगी उकरून दुसरीकडे हलवली. डॅनाचा चौक उंचावर असल्यानं पाण्याखाली गेला नाही, पण पाणलोटासाठी तोही रिकामा केला. आम्ही दोनेक मैल चालत तिथं गेलो. गवतात घरांची दगडी जोती तेवढी उरली आहेत.

सासरे कोयनेचे धरणग्रस्त. गाव गेलं तेव्हा ते शाळकरी होते. एका जोत्यावर बसले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मेलेल्यांना हलवायची सोय केली. जित्यांचं काय केलं?"

घर-जमिनीचे पैसे घेऊन जो तो आपापल्या वाटेनं गेला, एवढंच मला सांगता आलं.

"आणि आसपासच्या गावांना हे पाणी मिळतं?"

दक्षिणेकडच्या दोन-तीन गावांना मिळतं. बाकी शेजारची बरीचशी आपल्या विहिरींवर आहेत. बॉस्टनकडे जाणाऱ्या पाण्यावर छोटा अधिभार लावून तो पैसा इकडच्या गावांना द्यावा, अशी तिथली मागणी आहे. विधिमंडळात विधेयकंही मांडली गेली. शहापूरच्या टँकरची बातमी वाचणाऱ्या मुंबईकराला हे नवीन नाही. माझ्या मते मागणी रास्त आहे. आमच्या क्विन्सीच्या समुद्रासाठी सगळ्या परिसरानं पैसे भरले, मग आमच्या नळासाठी उठलेल्या मुलखाला दोन पैसे द्यायला हरकत कसली?

घरी आल्यावर सासऱ्यांनी बिल पुन्हा मागून घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "यात त्या चार गावांचं नाव कुठं दिसत नाही, जावईबापू."