पाण्यावरची घरं (लेखांक ७) : एका जहाजात दोन बिऱ्हाडं

मागच्या लेखांकात मोटर यॉटचा बाहेरचा सांगाडा पाहिला. पोलाद कुठवर, अॅल्युमिनियम कुठून, वरचे मजले हलके का ठेवावे लागतात, हे सारं झालं. आज आत शिरायचं आहे, आणि त्यासाठी 'ब्रिटानिया' निवडली आहे. ब्रिटनच्या राजघराण्याची ही यॉट डिसेंबर १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि आता एडिंबरोला लागून असलेल्या लीथ बंदरात कायमची बांधलेली आहे. तिकीट काढून कोणालाही ती आतून पाहता येते. अशी संधी दुर्मीळ. खासगी यॉटींचे फोटो मासिकांत भरपूर छापून येतात, पण ते दिवाणखान्याचे आणि मालकाच्या शय्यागृहाचे. ब्रिटानियात राणीची खोली दिसते, तशीच खलाशांची झोपायची जागा, लाँड्री आणि इंजिनखोलीही दिसते. यॉटची रचना समजून घ्यायची तर ही दुसरी बाजू पाहिल्याशिवाय ती समजत नाही, असं माझं ठाम मत आहे.

स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत ती बांधली गेली. १६ एप्रिल १९५३ रोजी, राज्याभिषेकाला दीड महिना असताना, एलिझाबेथ राणीच्या हस्ते ती पाण्यात उतरली. लांबी सुमारे १२६ मीटर. महायुद्ध संपून आठ वर्षं झाली होती, पण ब्रिटनमध्ये रेशनिंग अजून चालूच होतं. अंतर्भागाचे पहिले आराखडे राणी आणि तिचे पती ड्यूक ऑफ एडिंबरो यांना फार भपकेबाज वाटले, म्हणून ह्यू कॅसन या वास्तुरचनाकाराला बोलावलं गेलं. १९५१च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'च्या वास्तुरचनेची सूत्रं त्याच्याकडे होती. त्यानं सगळा भपका उतरवला. पांढऱ्या भिंती, करडे गालिचे, फुलाफुलांच्या छिटाचे सोफे. आधीच्या 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' या शाही यॉटवरचं काही जुनं लाकडी सामानही तसंच वापरात आणलं. राणीच्या खोलीत एकाच माणसापुरता पलंग आहे. शेजारी ड्यूकची खोली, मध्ये एक दार. राजवाड्याच्या अपेक्षेनं आलेल्या माणसाला ही खोली पाहून आश्चर्य वाटेल. दिवसभर लोकांच्या नजरेत राहणाऱ्या बाईला रात्री काय हवं असेल, याचा विचार करून केलेली ती खोली आहे, आणि कॅसनच्या कामातला तो मला सर्वांत आवडणारा भाग आहे. मागच्या बाजूला सागवानी तावदानांनी मढवलेली एक उन्हाची बैठक आहे. सकाळची न्याहारी आणि दुपारचा चहा राणीला तिथं घ्यायला आवडे.

बैठकीच्या दालनातल्या शेकोटीची हकिकत सांगायलाच हवी. मूळ विचार खऱ्या कोळशाच्या शेकोटीचा होता. पण नौदलाच्या नियमाप्रमाणे ती पेटलेली असेपर्यंत शेजारी एक खलाशी पाण्याची बादली घेऊन उभा ठेवावा लागला असता. शेवटी तिथं विजेची शेकोटी बसली. खरी आग मिळावी म्हणून दालनात कायम एक परका माणूस सहन करणं कोणालाच नको होतं. आलिशान यॉटच्या रचनेतला मध्यवर्ती प्रश्न या एका निर्णयात आहे: प्रत्येक सुखामागं कोणाचे तरी हात लागतात, ते हात ठेवायचे कुठं?

ब्रिटानियावर सुमारे २० अधिकारी आणि २२० खलाशी असत. शाही दालनं जहाजाच्या मागच्या भागात, खलाशांची वस्ती पुढच्या भागात, मध्ये यंत्रं. मोठ्या भोजनगृहात ५६ पाहुण्यांची पंगत बसे. ते टेबल मांडायला तीन तास लागत आणि काटे-सुऱ्यांमधलं अंतर पट्टीनं मोजलं जाई. लाँड्रीत एका दिवसात ६०० पर्यंत सदरे धुतले जात. राणी जहाजावर असली की बकिंगहॅम राजवाड्यातले आचारी येत आणि त्यांच्यासाठी वेगळा भटारखाना होता. एवढा राबता, पण आवाज नाही. खलाशी रबरी तळव्यांचे कॅनव्हासचे बूट घालून वावरत. हुकूम ओरडून दिले जात नसत, हाताच्या खुणांनी दिले जात. शाही दालनांजवळची साफसफाई सकाळी आठच्या आत उरकावी लागे. चुकून राजघराण्यातलं कोणी समोर आलंच, तर खलाशानं जागच्या जागी थांबून, नजर समोर ठेवून, ते जाईपर्यंत उभं राहायचं. बाष्पावर चालणारी टर्बाइन निवडण्यात या शांततेचाही वाटा असावा. टर्बाइनचं फिरणं डिझेलच्या धडधडीपेक्षा कितीतरी सौम्य.

आता पुढच्या भागात जाऊ. इथं खलाशी १९७०च्या दशकापर्यंत झोळ्यांत झोपत. ब्रिटिश नौदलाच्या इतर जहाजांवरून झोळ्या गेल्या, बंक आले, तरी ब्रिटानियावर त्या सर्वांत शेवटपर्यंत टिकल्या. परंपरा म्हणून या गोष्टीचं कौतुक केलं जातं, पण मला ते पटत नाही. मागच्या अर्ध्या भागात एकेका खोलीचा इतका हळुवार विचार करणारी रचना पुढच्या अर्ध्या भागात वीस वर्षं मागं राहिली, याची बोच मला वाटते. त्या माणसांना जहाजाचा अभिमान होता, तिथं नेमणूक मिळावी म्हणून ते धडपडत, हे खरं आहे. पण अभिमानावर पाठ टेकता येत नाही.

जुन्या वाड्यात पाहुणा दिंडीदरवाजातून सदरेवर येई आणि पाण्याचे हंडे, सरपण, उष्टी भांडी यांची ये-जा मागच्या दारानं होई. आजच्या यॉटचा आराखडा तसाच वाचावा. पाहुण्यांच्या वाटा एका रंगानं आखा आणि खलाशांच्या दुसऱ्या रंगानं. चांगल्या आराखड्यात हे दोन रंग फार थोड्या ठिकाणी एकमेकांना छेदतात. भटारखान्यातून भोजनगृहात जाणारं ताट पाहुण्यांच्या जिन्यावरून जात नाही. प्रत्येक मजल्यावर एक छोटी पॅन्ट्री असते आणि खालून वर जेवण पोचवायला लहानशी लिफ्ट. चादरी बदलायला येणारी मुलगी खालच्या मजल्यावरच्या खोल्यांपर्यंत वेगळ्या जिन्यानं पोचते. पाहुणा पोहून परतेपर्यंत खोली आवरलेली असते, आणि ती कोणी आवरली हे त्याला दिसत नाही. या अदृश्यतेला जागा लागते. तो दुसरा जिना, ती पॅन्ट्री, तो अरुंद बोळ, सारं घनफळ मालकानं पैसे मोजून घेतलेलं असतं आणि त्याचा फोटो कधी छापला जात नाही.

मोठ्या यॉटवरची मांडणी साधारण ठरून गेली आहे. मुख्य मजल्यावर पुढच्या बाजूला मालकाचं दालन, जहाजाच्या पूर्ण रुंदीचं, म्हणजे दोन्ही बाजूंना समुद्र. पाहुण्यांच्या खोल्या खालच्या मजल्यावर मध्यभागी, कारण लाटांनी जहाज पुढं-मागं हिंदकळतं तेव्हा मधला भाग सर्वांत कमी हलतो. इंजिनं त्यांच्या मागं. अगदी मागच्या टोकाला, पाण्याच्या पातळीवर, उघडणारी भिंत आणि पोहायला उतरायचा ओटा. खलाशांच्या खोल्या बहुधा खालच्या मजल्यावर अगदी पुढं, जिथं जहाज निमुळतं होत जातं. हिंदकळणं तिथंच सर्वाधिक. भिंतीपलीकडं नांगराची साखळी असते आणि बंदरात जहाज वळवणारा पुढचा पंखाही तिथंच जवळ असतो. पहाटे नांगर टाकला की सगळ्यांची झोप मोडते.

पाहुण्यांच्या बाजूचं कसब दिसत नाही अशा जागी असतं, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. संगमरवरी दिसणारं स्नानगृह खऱ्या संगमरवराचंच असतं, पण त्याची चकती काही मिलिमीटरची. मागं मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ जाळीचा अॅल्युमिनियमचा पत्रा. अक्रोडाच्या किंवा सागाच्या भिंतींचंही तसंच, वर पातळ लाकडी पापुद्रा आणि आत हलकी फळी. वरच्या मजल्यावर चढवलेला प्रत्येक किलो जहाजाचा गुरुत्वमध्य वर नेतो आणि डोलणं वाढवतो, म्हणून हा सगळा खटाटोप. जमीन पोलादावर थेट बसवत नाहीत. मध्ये रबरी आधार देतात, म्हणजे इंजिनाचं कंपन पायांपर्यंत येत नाही. छताची तावदानं निघणारी असतात, कारण त्यांच्या वर वायरी, नळ आणि हवेचे मार्ग दाटीनं भरलेले असतात आणि दुरुस्ती कधीही निघू शकते. खण दाबल्याशिवाय उघडत नाहीत, दारांना दोन्ही अवस्थांत अडकवणारी खिटी असते. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डोलणं मारतात. ब्रिटानियालाही असे पंख होते, पण त्या काळचे पंख जहाज वेगात असतानाच काम करत. नांगरावर उभ्या यॉटला स्थिर ठेवणारे पंख बरेच नंतर आले आणि त्यांनी यॉटवरचं जगणं बदललं, कारण पाहुण्यांचा बहुतेक वेळ नांगरावरच जातो.

पाहुण्यांचा आकडाही रचनेतूनच ठरतो. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांप्रमाणे १२ पेक्षा जास्त प्रवासी घेणारं जहाज प्रवासी जहाज ठरतं आणि मग आगप्रतिबंधापासून जीवरक्षक नौकांपर्यंत सगळे निकष कडक होतात. म्हणून पन्नास मीटरची यॉट घ्या किंवा त्याहून बरीच मोठी, आराखड्यात पुष्कळदा सहा खोल्या आणि बारा पाहुणेच सापडतात. जहाज मोठं झालं की खोल्या वाढत नाहीत, ऐसपैस होतात. खलाशी मात्र वाढत जातात. पन्नास मीटरच्या यॉटवर ते पाहुण्यांइतकेच असतात आणि पुढं पाहुण्यांपेक्षा कितीतरी अधिक. एकच उदाहरण देतो: १९८० साली इटलीत बांधलेली सौदी शस्त्रव्यापारी अदनान खाशोगींची ८६ मीटरची 'नबीला'. बाहेरचं रूप जॉन बॅनेनबर्ग यांचं. आत चित्रपटगृह, डिस्को आणि शस्त्रक्रियेची खोलीसुद्धा होती. त्यातल्या एकेका सोयीमागं ती चालवणारी माणसं जहाजावर ठेवावी लागतात, त्यांना झोपायला बंक लागतो, जेवायला मेस लागते.

तो बंक केवढा असावा, हे २००६च्या सागरी श्रम करारानं सांगितलं. करार २०१३ मध्ये अमलात आला, भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केला. बंक आतून किमान १९८ सेंटिमीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद, खोलीची उंची किमान २०३ सेंटिमीटर. ३००० ग्रॉस टनाखालच्या जहाजावर एकट्याच्या खोलीला किमान साडेचार चौरस मीटर जमीन. (ग्रॉस टन हे वजन नसून बंदिस्त जागेचं माप आहे, हे तिसऱ्या लेखांकात आलं होतं.) यॉट उद्योगानं या आकड्यांना विरोध केला. खलाशांच्या खोल्या वाढल्या तर पाहुण्यांच्या आक्रसतील, हा त्यांचा मुद्दा. ब्रिटनसारख्या देशांनी यॉटींसाठी आकारानुसार सवलती दिल्या. आणि मालक स्वतःच वापरतो, भाड्यानं देत नाही, अशा यॉटला तर हा करार लागूच होत नाही. साडेचार चौरस मीटर म्हणजे पलंग, कपाट आणि उभं राहायला जागा. तेवढंही देण्यावर वाद व्हावा, हे मला लज्जास्पद वाटतं.

हा दूरचा विषय नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, मुंबईचे कोळीवाडे, इथं 'मुलगा बोटीवर आहे' असं सांगणारी घरं पुष्कळ आहेत. त्यातली बहुतेक मुलं मालवाहू आणि पर्यटन जहाजांवर, काही यॉटींवर. यॉटच्या आराखड्यात त्यांची जागा कुठल्या मजल्यावर आहे, हे घरच्यांना ठाऊक असायला हवं. २००० साली नेदरलँड्समध्ये बांधलेली ९५ मीटरची 'इंडियन एम्प्रेस' पुढं विजय मल्ल्यांच्या ताब्यात होती. मोनाकोच्या मोटार शर्यतींच्या वेळच्या तिच्यावरच्या मेजवान्यांचे फोटो आपल्या वर्तमानपत्रांत गाजले. मार्च २०१८ मध्ये माल्टात हीच यॉट अडकवून ठेवली गेली. कारण होतं खलाशांचे थकलेले पगार. चाळीसच्या आसपास माणसं होती, त्यांत भारतीयही होते. सागरी कायद्यात खलाशाच्या पगाराचा हक्क जहाजालाच चिकटलेला असतो आणि जहाज गहाण ठेवून घेतलेल्या बँकेच्याही आधी येतो. पगारासाठी न्यायालयाच्या हुकमानं जहाज थांबवता येतं, विकताही येतं. त्या यॉटचा पुढं तसाच न्यायालयामार्फत लिलाव झाला. ज्यांच्या वाटा आराखड्यात लपवलेल्या असतात त्यांना कायद्यानं दिलेलं हे बळ फार मोलाचं आहे, आणि बोटीवर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ते माहीत असावं.

ब्रिटानियाच्या शाही दालनांनी एकदा ही विभागणी मोडलीही होती. युद्धकाळात रुग्णालय-जहाज करता येईल अशी तिची रचना होती, पण तसा वापर कधी झाला नाही. जानेवारी १९८६ मध्ये एडनमध्ये यादवी पेटली तेव्हा ती तिथून जवळच होती. लढाऊ जहाज नसल्यामुळं तिला किनाऱ्याजवळ जाता आलं. काही दिवसांत हजाराहून जास्त लोकांना तिनं बाहेर काढलं, आणि ज्या बैठकीत शेकोटीशेजारी एक खलाशी नको होता, तिथं गालिच्यावर निर्वासित झोपले. रुंद दालनं, मोठी लाँड्री, मोठे भटारखाने, सगळं उपयोगी पडलं. एखादी रचना किती जणांच्या कामी येऊ शकते, ते अशा वेळी कळतं.

पुढच्या लेखांकात इंजिनखोली, आणि समुद्राचं पाणी पिण्याजोगं करणारी यंत्रणा.